मांजर सोफा ओरबाडते? या चुका टाळा

मांजर सोफा ओरबाडते ते सूड उगवण्यासाठी नव्हे. नखांवरचे जुने आवरण निघावे, अंग ताणले जावे आणि पंजांतील ग्रंथींचा वास त्या जागी राहावा, यासाठी ते ओरबाडते. म्हणून ही खोड मोडायला निघणे हीच पहिली चूक होय. ओरबाडण्याची जागा तेवढी बदलता येते.

मला सर्वांत जास्त चीड येते ती मांजराने ओरबाडावे म्हणून आणायच्या खांबाच्या खरेदीतील घाईची, आणि ती मीही केलेली आहे. मी आधी गुडघ्याएवढा, हलका खांब आणला आणि बैठकीत शोभत नाही म्हणून मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. मांजरीने मागच्या पायांवर उभे राहून त्याला पंजे लावताच तो तिच्या अंगावर कलंडला. ती जी पलंगाखाली पळाली, ती पुन्हा त्या खांबाकडे फिरकली नाही. इकडे सोफ्याच्या हाताचे धागे लोंबू लागले आणि आतला फोम दिसू लागला. सोफा उंच, जड, जागचा न हलणारा आणि सर्वांच्या वावरात. तिची निवड अचूक होती! मग मी सुमारे 90 सेंटिमीटर उंचीचा, रुंद व जड तळाचा, सिसलची (घायपाताच्या जाड धाग्यांची) दोरी गुंडाळलेला खांब आणून सोफ्याच्या त्याच हाताला लागून उभा केला आणि त्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. खांबाची सवय लागल्यावरच तो दिवसाला चार बोटे असा सरकवला. दोन दिवसांत गुण हवा असणाऱ्यांनी मांजर पाळण्याच्या भानगडीत पडू नये.

ओरडल्याने मांजर फक्त तुमच्यादेखत ओरबाडणे थांबवते. पंजे धरून खांबावर घासू नका. मांजराला धरलेले आवडत नाही. गालिचा ओरबाडणाऱ्या मांजराला उभा खांब नको, जमिनीवर आडवा पुठ्ठा हवा. मांजराला खांबाकडे ओढायला कॅटनिप ही वासाची वनस्पती वापरतात, पण तिचा परिणाम सगळ्याच मांजरांवर होत नाही. नखांची टोके मी दोन-तीन आठवड्यांनी कापते, मात्र आतल्या गुलाबी भागाला कात्री लागू देत नाही. शस्त्रक्रियेने नखे काढून टाकणे म्हणजे प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापणे. तो पर्याय माझ्यासमोर काढूही नये.

खांब फाटला म्हणून लगेच फेकू नका, कारण तो आता मांजराच्या वासाचा झालेला असतो. माझा जुना, दोऱ्या सुटलेला खांब अजून बैठकीतच आहे आणि नवा त्याच्या शेजारी, जवळजवळ कोरा.