बोअरच्या पाण्यावर तेलाचा तवंग : शेवटी कसा गेला

नागपूरला आमच्या घरी २०० फुटांचा बोअर आहे, पंप १५० वर. मे महिन्यात असं व्हायला लागलं की पंप लावला की पहिली १५-२० मिनिटं पाणी एकदम स्वच्छ, मग बादलीत इंद्रधनुष्यासारखा तवंग अन् ऑइलचा वास. कारण सबमर्सिबलची मोटर ऑइलवाली (आत तेल भरलेली) होती अन् तिचं सील गेलं होतं. आधी दोन दिवस सतत उपसा केला, मग ब्लीचिंग टाकलं, काहीच फरक नाही. पैसे अन् पाणी दोन्ही वाया गेलं, फार जीव जळला.

उपसून ते जात नाही, कारण तेल वर तरंगतं अन् पंप खालचं पाणी ओढतो, पातळी पंपापर्यंत उतरली तरच तेल येतं.

मग आधी पंप बाहेर काढला अन् बोअर २४ तास शांत ठेवला. दोरीला वजन बांधून पाणी मोजलं, ४५ फुटांवर लागलं. दोन इंची पाइपच्या तुकड्याला खाली फूटव्हॉल्व्ह (आत येऊ देणारी, पण परत बाहेर न सोडणारी झडप) लावून दोरीने अगदी हळू सोडला, पाण्यात फक्त फूटभर, जास्त बुडवला तर नुसतं पाणीच येते. असे १५-१६ खेप काढले, तेल कॅनमध्ये भरलं, नालीत नाही टाकलं. उरलेल्या पातळ थरासाठी मच्छरदानीच्या पिशवीत जिनिंगमधला कच्चा कापूस घट्ट बांधून सोडला (मेडिकलचा नको, तो पाणी पितो, कच्च्यावर मेण असतं म्हणून तेल धरतो), तीनदा बदलला. मग तासभर कॉम्प्रेसरच्या हवेने बोअर धुऊन काढला (फ्लशिंग), अन् नवीन मोटर पाण्यावाली (आत तेलाऐवजी पाणी भरलेली) टाकली. प्यायला मात्र लॅबचा रिपोर्ट आल्यावरच घेतलं.