फॉन्ट प्रिंटरचा की कॉम्प्युटरचा?

पतसंस्था, शाळांची कार्यालयं, कर सल्लागारांची ऑफिसं इथले प्रिंटर सांभाळणं हे माझं काम, सांगली-मिरज भागात. ‘कागदावर अक्षरं गडबडलीत’ असा फोन आला की मी आधी विचारतो, स्क्रीनवर कसं दिसतंय? स्क्रीनवरच गचाळ असेल तर फाइलचा किंवा कॉम्प्युटरचा प्रश्न आहे, प्रिंटरला हात लावू नका. स्क्रीनवर झकास आणि कागदावर चौकोन, असं असेल तर फॉन्टची सेटिंग बघायची. तेव्हा टोनर बदलणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तरी निम्म्या ठिकाणी मी पोचायच्या आत टोनर काढून, हलवून, परत बसवून झालेला असतो.

ऑफिसातल्या बऱ्याच लेझर प्रिंटरच्या पोटात स्वतःचे फॉन्ट असतात: कुरिअर, लेटर गॉथिक, युनिव्हर्स वगैरे. पॅनेलवर मेनूत रिपोर्टच्या भागात ‘पीसीएल फॉन्ट लिस्ट’ (पीसीएल म्हणजे प्रिंटरला हुकूम द्यायची एक भाषा) असेल तर ती एकदा छापून घ्या. प्रत्येक फॉन्टचं नाव, नमुना आणि नंबर त्यात येतो. त्यात देवनागरी शोधू नका, बहुतेक रोमनच असतात. मराठी मजकुराचा फॉन्ट कॉम्प्युटरवरून जातो आणि तो पोचवतो ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधलं दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर.

घोळ होतो तो हा ड्रायव्हर वेळ वाचवायला जातो तेव्हा. बिल एरियलमध्ये असेल तर तो कॉम्प्युटरवरचा एरियल न पाठवता प्रिंटरला ‘तुझ्याकडचाच वापर’ म्हणून सांगू शकतो. इंग्रजी अक्षरं ठीक उमटतात, पण ₹ अडकतो. हे चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या प्रिंटरच्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून? स्क्रीनवर ₹ १,२५० आणि कागदावर चौकोन १,२५०.

उपाय असा. प्रिंटरच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रिंटिंग प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड. तिथे ‘ट्रूटाइप फॉन्ट’ या ओळीसमोर ‘सब्स्टिट्यूट विथ डिव्हाइस फॉन्ट’ असेल तर ते बदलून ‘डाउनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट’ करा, म्हणजे कॉम्प्युटरवरचाच फॉन्ट प्रिंटरकडे जातो. पोस्टस्क्रिप्ट (पीसीएलसारखीच दुसरी भाषा) ड्रायव्हर असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस सेटिंग्जच्या टॅबवर फॉन्ट सब्स्टिट्यूशनचा तक्ता असतो. त्यात तुमच्या फॉन्टपुढे ‘डोन्ट सब्स्टिट्यूट’ निवडा. शब्द कंपनीनुसार थोडे इकडेतिकडे होतात, जागा साधारण हीच.

इथे बहुतेक जण फसतात ते वेगळ्याच गोष्टीत. प्रेफरन्सेसमध्ये केलेला बदल फक्त त्या लॉगिनपुरता असतो. मॅनेजरसाहेबांच्या लॉगिनवर ₹ उमटतो, काउंटरवरच्या मॅडमकडे चौकोन, आणि दोघांचं भांडण. सगळ्यांसाठी बदलायचं असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड टॅब आणि खाली ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ या मार्गाने जा. ॲडमिनचा पासवर्ड लागेल, तो आधी मिळवून ठेवा.

तपासायला विंडोजचं टेस्ट पेज पुरेसं नाही, त्यात मराठी नसतंच. मी एक ओळ ठेवली आहे: ‘दुसऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क ₹ १,२५०, श्रीमती, ॲडव्हान्स, काळजी’. ‘ऱ्या’मधला अर्धा र, ‘र्थ्या’वरचा रफार, ‘द्य’, ‘श्र’, ‘ॲ’, सगळे नाठाळ मेंबर एका ओळीत येतात. ती ओळ वर्डमधून एकदा आणि पीडीएफ करून एकदा छापा. वर्डमधून बरोबर आणि पीडीएफमधून जोडाक्षरं फुटत असतील, तर ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’वर टिक करा. सगळीकडूनच फुटत असतील तर ड्रायव्हरमध्ये ‘सेंड ट्रूटाइप ॲज बिटमॅप’ चालू करा. मग अक्षरं चित्र म्हणून जातात. काम जड आणि हळू होतं, म्हणून हा शेवटचा उपाय. कायमचा चालू ठेवू नका.

वर्डमधल्या दोन गोष्टी प्रिंटरच्या नावावर खपतात. कंट्रोल-डी दाबल्यावर जी खिडकी उघडते तिथे देवनागरीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा कप्पा असतो. फॉन्ट, आकार, ठळकपणा, सगळं तिथे वेगळं ठरतं. वरच्या कप्प्यात १४ केलं तरी मराठी ११ वरच राहते, कारण कप्पाच चुकलेला असतो. दुसरी गोष्ट, ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवून आकडा कमी दिला की रफार आणि वेलांटीचा माथा कापला जातो. मंगलसारख्या उंच फॉन्टमध्ये तर हमखास. ‘सिंगल’ किंवा ‘मल्टिपल’ ठेवा.

श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ज्या मशीनवर फॉन्ट आहे तिथूनच पीडीएफ करून आणा.

आता पतसंस्थांचा खास त्रास. जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर सरळ टेक्स्ट पाठवतं. विंडोजचा फॉन्ट त्यात येतच नाही, तेव्हा इथे मात्र प्रिंटरचा स्वतःचा फॉन्ट लागतो आणि वरची सगळी सेटिंग निरुपयोगी. लेझर प्रिंटरवर पॅनेलच्या पीसीएल मेनूत फॉन्ट नंबर आणि पिच मिळतो. नंबर छापलेल्या यादीतून घ्यायचा, शून्य म्हणजे बहुधा कुरिअर. पिच म्हणजे एका इंचात किती अक्षरं. एचपीच्या प्रिंटरवर पिच १० ला ए-फोर कागदावर एका ओळीत ७८ अक्षरंच बसतात. रिपोर्ट ८० रकान्यांचा, म्हणजे ओळीत ८० अक्षरांचा असेल तर शेवटचे दोन आकडे, म्हणजे नेमके पैसे, गायब होतात किंवा खालच्या ओळीत घसरतात. पॅनेलच्या प्रिंटिंग मेनूत ‘वाइड ए-फोर’ असतं, ते ‘येस’ केलं की ८० बसतात. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी हे बघा.

डॉट मॅट्रिक्सवर १३२ रकान्यांचं खतावणीचं पान काढायचं असेल तर कंडेन्स्ड, म्हणजे दाटीवाटीची बारीक अक्षरं लागतात. इंचाला साधारण १७ अक्षरं, म्हणजे ८ इंचांत सगळं मावतं. एप्सन पद्धतीच्या प्रिंटरला यासाठी कोड १५ जातो आणि रद्द करायला १८. सॉफ्टवेअरच्या प्रिंटर सेटअपमध्ये सुरुवातीला १५ असतो, पण शेवटी १८ घालायचं राहून जातं. मग त्यानंतरची पावती मुंगीच्या अक्षरात येते. घाई असेल तर प्रिंटर बंद करून चालू करा, कंडेन्स्ड निघून जातं. सवड मिळाली की सेटअपमध्ये तो १८ घालून टाका.