लिथोफेनची एक बाजू काळी, दुसरीकडे आरपार भोक: माझा अनुभव

छोट्या सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणारं कोरायचं मशीन) दीक्षाभूमीच्या स्तूपाचं लिथोफेन, म्हणजे जाडी कमी-जास्त ठेवून कोरलेलं, मागून उजेड पडला की दिसणारं चित्र, कोरत होतो. किचन ओट्यांच्या कामातून उरलेला ६ मिमी पांढरा सॉलिड सरफेसचा (ओट्यासाठी वापरतात ती कृत्रिम शीट) तुकडा. मागून दिवा लावला की डावीकडचं आकाश फुटलेलं, उजवीकडचा घुमट काळाठिक्कर.

कॉन्ट्रास्ट बदलला, बिट (कोरायचं पातं) नवीन लावला, फीड (बिट पुढे सरकायचा वेग) कमी केला. डोकं उठलं, फरक शून्य. त्यात नागपूरचा मे महिना. फोमची दुहेरी टेप मऊ होऊन तुकडा मधूनच उचलला जायचा.

उजेड ठरतो तो खाली उरलेल्या जाडीवर, आणि बेड किंवा तुकडा जरा तिरका असला की ती एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त होते. म्हणून बेड सपाट करायचा आणि शून्य (मशीन जिथून उंची मोजतं ती पातळी) वरून नव्हे, खालून घ्यायचं. आधी बेडवरचा एमडीएफ (लाकडी भुश्याचा दाबलेला बोर्ड) ६ मिमी सपाट बिटने ०.३ मिमी फेस केला, म्हणजे वरून तासून सपाट केला. मग एमडीएफवर आणि तुकड्याच्या पाठीला मास्किंग टेप, मधे सुपरग्लू, वर वजन. शेजारी तशाच दोन टेपा, ग्लूसकट चिकटवल्या आणि झेड शून्य (उंचीचं शून्य) त्यांच्यावर घेतलं, म्हणजे टेपची जाडी आपोआप वजा. सॉफ्टवेअरमध्ये शून्य मटेरियलच्या तळाशी, सेफ हाइट (न कोरता सरकताना बिटची उंची) १० मिमी (ही विसरलात तर बिट गेलाच). सर्वात पातळ जागा ०.८, जाड ४ मिमी. रफिंग (आधीचं ढोबळ कोरणं) ३ मिमी बॉल नोजने (गोल टोकाचा बिट), ०.४ शिल्लक ठेवून. बिट बदलल्यावर पुन्हा त्याच टेपवर शून्य, मग १ मिमी टेपर्ड (टोकाकडे निमुळता) बॉल नोज, स्टेपओव्हर (दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं अंतर) ०.१ मिमी.

काढताना खालून पातळ पत्रा सरकवा. वर ओढला तर आकाशाकडचा भाग तडकतो.