कसारा घाट चढणारी गाडी मॉडेलिकात कशी उभारायची

मॉडेलिका ही यंत्रांची गणिती मॉडेलं लिहायची भाषा. मुंबईहून नाशिककडे येताना गाडी कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० किमीने चढतेय असं धरू. नमुन्याचे आकडे: वजन १,५०० किलो, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, चढ ६ टक्के, गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून गुणोत्तर ८.

आधी कागदावर हिशेब करा. चढाला ८८३ न्यूटन, रोलिंग रेझिस्टन्सला १७७ (गुणांक ०.०१२), हवेला सुमारे ५२. एकूण १,११२. त्रिज्येने गुणून, ८ ने भागून, ९२ टक्के कार्यक्षमता धरली की इंजिनाकडून साधारण ४५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) लागतो, तोही २,८३० आरपीएमला. मॉडेल हाच आकडा देत नसेल तर पुढे जाऊ नका. बहुतेकदा चूक चढातच सापडते: ६ टक्के म्हणजे ३.४३ अंश. तिथे ६ अंश टाकले की ८८३ चे १,५३८ होतात.

आता ओपनमॉडेलिकात (मॉडेलिका चालवणारं सॉफ्टवेअर) इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, चाक, बॉडी असे वेगळे क्लास, म्हणजे भागांचे साचे, करा आणि फ्लँजने, म्हणजे फिरत्या दांड्याच्या जोडटोकाने, जोडा. जोडलेल्या फ्लँजचा कोन एकच राहतो, टॉर्कची बेरीज शून्य होते. इनपुट कोणता, आउटपुट कोणता हे ठरवायचंच नाही. म्हणून उतारावरचं इंजिन ब्रेकिंग त्याच मॉडेलातून मिळतं. गिअरबॉक्सचा दोन फ्लँजचा अपुरा, म्हणजे पार्शल, क्लास आधी लिहा आणि मॅन्युअल गिअरबॉक्स किंवा इलेक्ट्रिक गाडीचा सिंगल रिड्यूसर त्यातून काढा. बाकी गाडीला हात लावावा लागत नाही.

इंजिन म्हणजे टॉर्कचं टेबल आणि इनर्शिया (फिरत्या भागांचं जडत्व). इनर्शिया गाळण्याचा मोह होतो, पण ती गुणोत्तराच्या वर्गाने वाढते. ०.१५ किलो-मीटर वर्ग इनर्शिया दुसऱ्या गिअरमध्ये १०७ किलो जादा वजनासारखी वागते. पहिल्यात, गुणोत्तर १४ असेल तर, ३२७ किलोसारखी. ती नसेल तर पिकअप खोटाच दमदार दिसतो.

टेबल आरपीएममध्ये असतं, फ्लँजच्या कोनावरून मिळणारा वेग रेडियन प्रति सेकंदात असतो, तो ९.५५ ने गुणा. शिवाय टेबल संपलं की टेबलाचा ब्लॉक शेवटच्या दोन बिंदूंची रेघ आपोआप पुढे ओढतो. तिथे शेवटची किंमत धरून ठेवण्याचा पर्याय निवडा.

क्लचविना इंजिन थेट जोडलंत तर सुरुवातीचा वेग एकाच बाजूला फिक्स करा. दोन्हीकडे केला की इनिशियलायझेशनच, म्हणजे सुरुवातीच्या किमती काढणंच, अडकतं.