स्प्रिंग ब्रेकला मित्रमैत्रिणींबरोबर प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट: तिकिटं काढायच्या आधी हे वाचा

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली दोन मुलं यंदा जर्मनीला शिकायला चाललीयत, आणि ओळखीतली जी आधीच तिकडे आहेत ती मार्चच्या सुट्टीत फिरायला जायचं म्हणतायत. सगळ्यांचे प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाच बसून लिहून काढते. मी तिकडे मास्टर्स करत होते तेव्हा आम्ही पाच जणांनी, दोघं बडोद्याचे, एक इंदूरची, एक नाशिकचा आणि एक केरळची मैत्रीण, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी आठ दिवसांची ट्रिप केली होती. खूप मजा आली, पण काही गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी तारखा. अमेरिकेसारखा एक आठवड्याचा स्प्रिंग ब्रेक जर्मनीत नसतो, बऱ्याच युनिव्हर्सिटीत फेब्रुवारीत लेक्चर संपतात ते थेट एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणजे सुट्टी दिसायला मोठी, पण त्यातच कुणाची परीक्षा असते, कुणाचा पेपर सबमिट करायचा असतो, कुणाची पार्टटाइम नोकरी असते. म्हणून ग्रुपवर ‘कधी जायचं’ असं विचारत बसू नका, एक शीट बनवा आणि ज्याने त्याने आपले न जमणारे दिवस त्यात भरा, उरतील ते आपले. ईस्टरच्या आसपास प्राग-व्हिएन्नाला सुंदर बाजार भरतात, पण हॉस्टेलचे भाव चढतात आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं बंद. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात तर दर रविवारीच सुपरमार्केट बंद असतं, रविवारी बडोद्याच्या मंगळबाजारात फिरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही, तेव्हा शनिवारीच ब्रेड-दूध घेऊन ठेवा.

आता पैसे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

विद्यार्थ्यांपैकी बरेचजण ब्लॉक्ड अकाउंटवर असतात (व्हिसासाठी पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम मिळते), सप्टेंबर २०२४ पासून त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात, आणि त्यातच भाडं, इन्शुरन्स, खाणं सगळं. कुणाचे बाबा वरून पाठवतात, कुणाच्या घरी एज्युकेशन लोनचा हप्ता चालू झालेला असतो. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आमच्या ट्रिपमध्ये व्हिएन्नाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे बाहेर जेवायला निघालो तर इंदूरची मैत्रीण म्हणाली पोटात दुखतंय, तुम्ही जा. तिसऱ्या दिवशीही तेच. मी पाणी घ्यायला परत आले तर ती हॉस्टेलच्या किचनमध्ये उभी राहून ब्रेडला लोणचं लावून खात होती, मला बघून डबा झाकायला लागली. एक तारखेला पैसे येणार होते आणि तोपर्यंत तिच्याकडे चाळीस युरो होते. आम्ही हॉस्टेल निवडलं तेव्हा ती ‘चालेल’ म्हणाली होती, कारण बाकी चौघांनी आधीच हो म्हटलं होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, की आम्ही विचारलंच नाही.

म्हणून माझं ठाम मत, जागा ठरवायच्या आधी आकडा ठरवा, आणि तो ग्रुपवर नाही. एकाने प्रत्येकाला वेगळा मेसेज करून विचारायचं, तुझ्याकडून सगळं धरून जास्तीत जास्त किती निघतील, आणि जो सगळ्यात कमी आकडा येईल तोच सगळ्यांचं बजेट. कोणाचा आकडा ते कुणाला सांगायचं नाही. मग त्या आकड्यात व्हिएन्ना बसत नसेल तर व्हिएन्नाला एकच रात्र राहा, तिन्ही शहरांत तेच सगळ्यात महाग आहे, प्राग आणि बुडापेस्ट त्यामानाने स्वस्त. खर्च स्प्लिटवाइजवर (खर्च वाटून घ्यायचं अ‍ॅप) रोज रात्री झोपायच्या आधी टाका, चार दिवसांनी कॉफी कुणी घेतली होती हे कुणालाच आठवत नाही. आणि ज्याला एखाद्या ठिकाणी जायचं नसेल त्याला तसं म्हणता आलं पाहिजे, आठ दिवसांत निदान एक दिवस ज्याने त्याने आपापलं फिरावं.

चेकमध्ये कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालतो, युरो नाही. एटीएम किंवा कार्ड मशीन विचारतं युरोत कापू का, तिथे नेहमी लोकल करन्सीच निवडायची, युरो निवडलं की मशीनवाला आपला वाईट रेट लावतो.

कागदपत्रं. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर बाकी शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात येत नाहीत, तो प्लॅन असेल तर वेगळा व्हिसा. परमिट रिन्यूला दिलं असेल आणि हातात नुसतं मधल्या काळाचं सर्टिफिकेट असेल तर बुकिंगच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला दाखवा, कारण त्यात प्रकार असतात आणि एका प्रकारावर बाहेर गेलात तर परत आत येता येत नाही. ओरिजिनल पासपोर्ट आणि परमिट कार्ड दोन्ही अंगावर ठेवा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनी आपल्या सगळ्या बॉर्डरवर चेकिंग करतंय, आमची रात्रीची बस परत येताना थांबवली, पोलिस टॉर्च घेऊन एकेका सीटपाशी येत होते आणि नाशिकच्या मित्राचा पासपोर्ट खाली डिकीतल्या बॅगेत. ड्रायव्हरने डिकी उघडली, याने थंडीत मोज्यांवर उभं राहून पंचवीस बॅगा हलवल्या आणि अख्खी बस आमच्याकडे बघत होती. गळ्यात अडकवायची छोटी पिशवी मिळते, ती घ्या.

जायचं कसं. डॉइचलांडटिकट असेल (जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो, विद्यार्थ्यांना बऱ्याचदा सेमिस्टर फीमध्येच स्वस्तात) तर ते लोकल-रिजनल गाड्यांना चालतं, फास्ट आयसीईला नाही. आपली बडोदा-अहमदाबाद मेमू समजा, थांबत थांबत जाते पण पोचवते. ते ऑस्ट्रियातल्या झाल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, म्हणजे म्युनिकमार्गे तिथवर वेगळे पैसे नाहीत आणि पुढे व्हिएन्नापर्यंतचं तिकीट काढायचं, तो प्रवास अडीच तासांचा. प्राग ते व्हिएन्ना ट्रेनने साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन. विमान स्वस्त दिसलं तरी बॅगेचं माप बघा, बऱ्याच स्वस्त एअरलाइन्सवर फुकटात ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरचीच बॅग नेता येते. प्राग आणि बुडापेस्टला मेट्रोचं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही, मशीनमध्ये घालून शिक्का मारावा लागतो, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड.

खाणं, म्हणजे थेपली. मेथीची थेपली आदल्या रात्री करून फॉइलमध्ये बांधली की तीन दिवस निघतात, खाखरे तर संपेपर्यंत टिकतात, लीलो चेवडा (बडोद्याचा ओलसर चिवडा) असेल तर बसमध्येच संपतो. घरून मागवणार असाल तर लक्षात ठेवा, भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पेढे-श्रीखंड नकोच. हॉस्टेल बघताना किचन आहे का ते आधी बघा. मुगाची डाळ, तांदूळ, हळद-मीठ आणि हिंगाची छोटी डबी एवढ्यात पाच जणांची खिचडी होते, पण फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडून, आमच्या मोहरी-मिरचीच्या धुराने प्रागला अलार्म वाजला आणि सगळी माणसं पायजम्यावर खाली उतरली. त्यानंतर एका स्पॅनिश मुलीने येऊन पातेल्यात काय आहे विचारलं, आणि मग तिलाही वाढलं.

कपडे जास्त नकोत पण थर हवेत, बडोद्यात मार्चमध्ये पंखा फुल असतो आणि तिकडे सकाळी दोन डिग्री असू शकतं. डॉर्ममधल्या लॉकरसाठी स्वतःचं कुलूप न्या. स्टुडंट कार्ड खिशात ठेवा, म्युझियममध्ये विचारल्याशिवाय सूट देत नाहीत. हेल्थ इन्शुरन्स सरकारी असेल तर त्या कार्डाच्या मागची बाजू युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड असते, ते बरोबर हवंच.

आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही, त्या दिवशी सकाळची बस असेल तर मोबाइलचीच वेळ धरा. भारताशी फरकही साडेचार तासांचा साडेतीन होतो, त्यामुळे घरी आधीच सांगून ठेवा की रात्री फोन करणार असाल तर कधी, आई जागी राहते.