सॉफ्टवेअरमधली इंटर्नशिप शोधताय? मग या चुका टाळा

रविवार आला की इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी ओळखीतलं कुणीतरी पोर रेझ्युमे घेऊन हजर. "काका, एकदा बघून द्या ना." पोहे होईपर्यंत मी बघून देतो. पोरं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे व्हिडिओ बघून उतरवलेला प्रोजेक्ट. मागच्या डिसेंबरात ऑफिसात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाची मुलाखत घेतली. जेवण मागवायचं ॲप, रिॲक्ट, नोड (वेब-ॲप बनवायची साधनं), सगळं चकाचक. म्हटलं, कार्टमध्ये तोच पदार्थ दुसऱ्यांदा टाकला की नवी ओळ येते; त्याऐवजी आकडा २ व्हावा, एवढं करून दाखव. वीस मिनिटं तो फाइली उघडत-मिटत बसला. कार्टचा कोड कुठे आहे तेच सापडेना. गिटचा (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) लॉग काढला, तर अख्ख्या प्रोजेक्टचं एकच कमिट, म्हणजे एकच नोंद, आणि त्यात डॉट-एन्व्ही ही गुप्त सेटिंगची फाइल, डेटाबेसच्या पासवर्डसकट! दाखवल्यावर त्यानं लगेच फाइल उडवली, नवं कमिट केलं आणि हुश्श केलं. अरे राजा, जुनं जपून ठेवायलाच तर गिट आहे! मागच्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच बसलाय. असं झालं तर आधी पासवर्ड बदला, मग फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं नोंदवायच्या नाहीत अशा फाइलींच्या यादीत, घाला. बाकीची साफसफाई सावकाश.

मी स्वतः व्हिडिओ एकदा पूर्ण बघतो, बंद करतो आणि कोऱ्या फाइलीपासून लिहितो. तिप्पट वेळ जातो. ज्यांना दोन आठवड्यांत 'फुल स्टॅक' (ॲपचं पुढचं-मागचं सगळं येणारा) व्हायचंय त्यांना हे पटत नाही, आणि मीही आता पटवत बसत नाही.

प्रोजेक्ट छोटा चालतो. एका मुलीनं आजोबांच्या सियागंजातल्या दुकानाची उधारीची वही बनवली होती. दिसायला अगदीच ओबडधोबड. पण रक्कम तिनं रुपयांत न ठेवता पूर्ण पैशांत ठेवली होती. का, विचारलं तर म्हणाली, "जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि आजोबा एका पैशावरूनही भांडतात." तिला पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरली नाही.

रेझ्युमे एक पानाचा, पीडीएफमध्ये. 'फायनल फायनल २' असलं नाव नको. भाषा येते तेवढ्याच लिहा. सी प्लस प्लस लिहिलंत की मी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) विचारणारच.

तीनशे कोडिंग प्रश्न पाठ करणारेही भेटतात. प्रश्न जरा फिरवला की गाडी रुळावरून खाली. आधी प्रश्नात दिलेल्या मर्यादा वाचा. एन, म्हणजे दिलेल्या आकड्यांची संख्या, एक लाख असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे हजार कोटी फेऱ्या, वेळ संपणारच. मी अजूनही हा हिशेब कागदावर करतो, मग कीबोर्डला हात लावतो.

पैसे भरून इंटर्नशिप घेऊ नका. व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर, 'नोंदणी शुल्क' आणि महिन्याभरानं सर्टिफिकेट: असलं सर्टिफिकेट मी वाचतसुद्धा नाही. कामाचे पैसे कंपनीनं द्यायचे असतात, हे आईवडिलांनाही समजावून सांगा.

आणि उशीर. पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्या बऱ्याच कॉलेजांत जुलै-ऑगस्टमध्येच येतात. आमची पोरं फेब्रुवारीत जागी होतात. गूगल समर ऑफ कोड (खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करायचा गूगलचा कार्यक्रम) २००५ पासून चालू आहे, २०२२ पासून तर विद्यार्थी असण्याचीही अट नाही. पण प्रस्तावाच्या शेवटच्या आठवड्यात प्रकल्पवाल्यांना पहिला "हॅलो सर" पाठवलात, तर ते तरी काय करणार? दोन-तीन महिने आधी एखादा छोटा बग सोडवून ठेवा.

या रविवारी कुणी येणार असेल तर लॅपटॉप चार्ज करून आणा. रेझ्युमे पोह्यांनंतर बघू.