मोठ्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार कागदावर कसे करावेत

मोठ्या आकडेमोडीत चूक क्वचितच पाढ्यांची असते. सात पंचे पस्तीस सगळ्यांना येते. चुकते ती जागा. हातचा भलत्याच घरात जातो, एखादी ओळ सरकते, मधला शून्य गळतो. म्हणून या लेखात सगळा भर मांडणीवर आणि ताळा पाहण्यावर आहे.

उदाहरण म्हणून चारही क्रियांना एकच माहिती घेऊ: २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्र. पुरुष ५,८२,४३,०५६, स्त्रिया ५,४१,३१,२७७. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर.

आधी मांडणी

चौकटीची वही घ्या आणि एका चौकटीत एकच अंक लिहा. साध्या कागदावर करायचे असेल तर रेघांची वही आडवी धरा, म्हणजे रेघांचे आपोआप उभे रकाने होतात. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, हे उजवीकडून जुळवत जायचे. डावीकडची कड सरळ दिसावी म्हणून आकडे सरकवू नका.

आकडेमोड करताना स्वल्पविराम काढून टाका आणि उत्तर आल्यावर उजवीकडून पुन्हा द्या: आधी तीन अंकांनंतर, मग दर दोन अंकांनी. परदेशी अहवालातला आकडा असेल तर हे विशेष सांभाळा, कारण तिथे दर तीन अंकांनी स्वल्पविराम असतो. १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी.

बेरीज

  ५८२४३०५६
+ ५४१३१२७७
= ११२३७४३३३

एककाच्या घरात ६ आणि ७ तेरा. ३ लिहा, हातचा १. दशकात ५ आणि ७ बारा, हातचा धरून तेरा. पुन्हा ३, हातचा १. शतकात ० आणि २ दोन, हातचा धरून ३. पुढे दशलक्षापर्यंत हातचा येत नाही. तिथे ८ आणि ४ बारा, २ लिहा, हातचा कोटीच्या घरात. उत्तर ११,२३,७४,३३३. हातचा मनात ठेवू नका, पुढच्या घराच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहा. वीस-पंचवीस रकमांची लांब यादी असेल तर पाच-पाच रकमांच्या बेरजा करून मग त्या एकत्र करा. एकदा वरून खाली मिळवले तर पडताळताना खालून वर मिळवा. त्याच क्रमाने गेलात तर तीच चूक पुन्हा होते.

वजाबाकी

पुरुषांच्या संख्येतून स्त्रियांची संख्या वजा करू. एककात ६ मधून ७ जात नाहीत, शेजारून एक दशक आणा: १६ मधून ७ गेले, ९ उरले. दशकात आता ५ ऐवजी ४ आहेत, त्यातून ७ जात नाहीत, आणि शेजारी शतकाच्या घरात शून्य. इथेच बहुतेक जण अडखळतात. शून्याकडे द्यायला काही नाही, म्हणून हजाराच्या घरातून एक आणा. ३ चे २ झाले, शतकात १० आले. त्यातला एक दशकाला दिला की शतकात ९ राहतात. आता दशकात १४ वजा ७ म्हणजे ७, शतकात ९ वजा २ म्हणजे ७, हजारात २ वजा १ म्हणजे १. पुढचे सरळ आहे. उत्तर ४१,११,७७९. बदललेला प्रत्येक अंक खोडून नवा वर लिहा. पडताळा सोपा: उत्तर आणि स्त्रियांची संख्या मिळवली की पुरुषांची संख्या यायला हवी.

वरची संख्या एक कोटीसारखी शून्यांची असेल तर डावीकडून प्रत्येक अंक ९ मधून वजा करा आणि एकक १० मधून (एककात शून्य नसेल तेव्हा). १,००,००,००० − ३७,४८,२६५ = ६२,५१,७३५.

गुणाकार

प्रत्येक चौरस किलोमीटरवर ३६५ माणसे धरली तर राज्यात किती होतील? ३,०७,७१३ × ३६५. सुरू करण्याआधी अंदाज लिहून ठेवा: ३ लाख × ३६५ म्हणजे साडेदहा-अकरा कोटी (१०,९५,००,०००). खरे उत्तर याहून थोडे जास्तच यायला हवे.

३०७७१३ × ५ = १५३८५६५
३०७७१३ × ६० = १८४६२७८०
३०७७१३ × ३०० = ९२३१३९००
एकूण = ११२३१५२४५

दुसऱ्या ओळीत आधी एक शून्य लिहा, तिसरीत दोन, आणि मगच गुणायला लागा. पहिल्या ओळीत दशहजाराच्या शून्यावर येताना हातचा ३ असतो. पाच गुणिले शून्य शून्य, अधिक तीन, म्हणून तिथे ३ येतो. शून्य पाहून ते घर ओलांडून जाऊ नका.

आता नवाचा ताळा. संख्येतले अंक मिळवत राहा, एकच अंक उरेपर्यंत. ३०७७१३ चे २१, म्हणजे ३. ३६५ चे १४, म्हणजे ५. पाच त्रिक पंधरा, म्हणजे ६. उत्तर ११२३१५२४५ ची बेरीज २४, म्हणजे ६. ताळा जुळला.

पण यावर डोळे झाकून विसंबू नका. दुसऱ्या ओळीतला शून्य विसरलात, म्हणजे १८४६२७८० ऐवजी १८४६२७८ लिहिलेत, तर एकूण ९५६९८७४३ येते. याची बेरीज ५१, म्हणजे पुन्हा ६! सरकलेली ओळ आणि अदलाबदल झालेले अंक नवाच्या ताळ्याला दिसतच नाहीत, कारण अंकांची बेरीज तीच राहते. अशी ओळ सरकली की पकडतो तो अंदाज: साडेनऊ कोटी हे अकरा कोटींच्या खाली आले, तेव्हाच शंका यायला हवी. दोन्ही तपासण्या कराच.

भागाकार

११,२३,७४,३३३ ÷ ३,०७,७१३. एवढ्या मोठ्या भाजकाने भाग द्यायचा तर प्रत्येक वेळी ‘किती वेळा जाईल’ याचा अंदाज बांधत बसू नका. कडेला भाजकाचा पाढाच लिहून काढा, तोही नुसत्या बेरजेने: ३०७७१३, ६१५४२६, ९२३१३९, १२३०८५२, १५३८५६५, १८४६२७८, २१५३९९१, २४६१७०४, २७६९४१७. आणखी एकदा मिळवून ३०७७१३० आले की पाढा बरोबर.

भाज्याचे पहिले सहा अंक ११२३७४ भाजकाहून लहान, म्हणून सात घ्या: ११२३७४३. पाढ्यात पाहा, ३ चा भाग जातो; ९२३१३९ वजा, उरले २००६०४. पुढचा ३ खाली उतरवा: २००६०४३. भाग ६, उरले १५९७६५. शेवटचा ३ उतरवा: १५९७६५३. भाग ५, बाकी ५९०८८. भागाकार ३६५, बाकी ५९,०८८. पडताळ्याला गुणाकार वर केलेलाच आहे: ११,२३,१५,२४५ + ५९,०८८ = ११,२३,७४,३३३. राज्याची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५, ती हीच.

एक नियम मात्र कधीही सोडू नका: प्रत्येक उतरवलेल्या अंकाला भागाकारात एक अंक मिळालाच पाहिजे, भाग जात नसेल तर शून्य. ७२२१६ ÷ २४ मध्ये ७२ ला ३, मग २ उतरवला, भाग जात नाही, ०. १ उतरवला, २१ झाले, पुन्हा ०. ६ उतरवला, २१६ ला ९. उत्तर ३००९. शून्ये विसरली तर ३९ उरतात.

आकडे यंत्रालाही मोठे पडले तर

एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमके धरते, पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. आठ अंकी दोन संख्यांचा गुणाकार १६ अंकी होऊ शकतो. अशा वेळी प्रत्येक संख्येचे चार-चार अंकांचे दोन तुकडे करा आणि चार छोटे गुणाकार काढा. उजव्या तुकड्यांचा गुणाकार तसाच, तिरप्या दोन्ही गुणाकारांपुढे चार शून्ये, डाव्या तुकड्यांच्या गुणाकारापुढे आठ शून्ये, आणि चारही रकमांची बेरीज कागदावर. शेवटी एकक पाहा: एक संख्या ३ ने आणि दुसरी ७ ने संपत असेल तर उत्तर १ नेच संपले पाहिजे. तिथे ० दिसला तर शेपटीचा अंक यंत्राने कापला आहे.